रुग्णालयातला न्युमोनिया : ओळख आणि अटकाव

आमच्या थोरल्या आत्याबाई वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी न्हाणीघरात घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. बडोद्यातील एका चांगल्या रुग्णालयात दुसऱ्याच दिवशी शस्त्रक्रिया झाली. शल्यविशारदांनी बाहेर येऊन 'हाड उत्तम बसले आहे' असे सांगितले, तेव्हा आम्हा सर्वांचा जीव भांड्यात पडला. घरी देवापुढे साखर ठेवली गेली. पुढचे चार दिवस आत्याबाईंची खोली माणसांनी भरलेली असे. कुणी मुगाचे कढण आणी, कुणी नाचणीची पेज. आडव्या निजलेल्या त्या माउलीला आम्ही आळीपाळीने चमच्याने भरवीत होतो. त्यांची कवळी रुमालात गुंडाळून उशाशी ठेवलेली होती. त्या चार दिवसांत त्यांचे तोंड कुणी एकदाही नीट स्वच्छ केले नाही, ही गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या ध्यानातही आली नाही.

पाचव्या दिवशी त्या असंबद्ध बोलू लागल्या. परिचारिका केरळातली. आजीबाई आपल्या भाषेत काहीतरी मागत आहेत, असे तिला वाटले. आम्हाला वाटले, भुलीचा अंमल अजून उतरला नसावा. सहाव्या दिवशी धाप लागली, क्ष-किरण चित्र काढले गेले आणि उजव्या फुप्फुसाच्या तळाशी पांढुरकी छाया दिसली. अकराव्या दिवशी आत्याबाई गेल्या. हाड अखेरपर्यंत उत्तम बसलेले होते.

दोष कुणाचा, हे ठरविण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. परंतु रुग्णालयात दाखल झाल्यावर जडणारा हा न्युमोनिया म्हणजे काय, तो ओळखावा कसा आणि तो होऊ नये म्हणून घरच्या माणसांना काय करता येते, हे आम्हाला फार उशिरा समजले. आपल्याकडे रोग्याला भरविणे, कूस बदलणे, रात्री उशाशी बसणे ही कामे बहुधा नातेवाईकच करतात. तेव्हा ही माहिती डॉक्टरांइतकीच त्यांनाही हवी, असे आम्हाला वाटते.

व्याख्या आणि प्रकार

रुग्णालयात दाखल होताना ज्याची सुरुवात झालेली नव्हती आणि दाखल झाल्यापासून ४८ तास किंवा त्याहून अधिक काळ लोटल्यावर जो उद्भवतो, त्या न्युमोनियाला वैद्यकशास्त्र रुग्णालयजन्य न्युमोनिया म्हणते. अठ्ठेचाळीस तासांची ही रेघ ओढण्यामागे कारण आहे. त्याआधी दिसलेला आजार बहुधा घरूनच सोबत आलेला असतो. रुग्णालयात जडणाऱ्या आजाराचे जंतू मात्र निराळे असतात. ते अधिक चिवट असतात आणि औषधांना सहजासहजी दाद देत नाहीत.

याचे दोन प्रकार मानले जातात. श्वासनलिकेत नळी घालून ज्यांना व्हेंटिलेटरवर ठेवले आहे, त्यांना नळी घातल्यापासून ४८ तासांनंतर होणारा न्युमोनिया हा एक प्रकार. दुसरा प्रकार साध्या वॉर्डातल्या, स्वतःच्या श्वासाने जगणाऱ्या रोग्यांना होणारा. पहिल्याची चर्चा फार होते आणि अतिदक्षता विभागात त्यावर नजरही असते. आमच्या आत्याबाईंना झाला तो दुसरा. त्याकडे लक्ष कमी जाते, आणि म्हणूनच तो अधिक फसवा आहे.

व्हेंटिलेटरचा इतिहास या संदर्भात थोडक्यात सांगण्याजोगा आहे. १९५२ साली डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रोग्यांच्या गळ्यात छिद्र पाडून, त्यातून नळी घालून, हाताने पिशवी दाबून हवा देण्याची युक्ती भूलतज्ज्ञ ब्योर्न इब्सेन यांनी काढली. सुमारे पंधराशे वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून दिवसरात्र त्या पिशव्या दाबल्या. त्या प्रयत्नांतूनच आजच्या अतिदक्षता विभागाची कल्पना पुढे आली. अगणित प्राण वाचविणारी ही नळी जंतूंनाही खाली उतरण्याची वाट करून देते, हे त्यानंतर हळूहळू उमगत गेले.

जंतू येतात कोठून?

रुग्णालयातला न्युमोनिया म्हणजे तेथल्या हवेतून आलेला आजार, अशी सर्वसाधारण समजूत असते. काही वेळा तसे घडतेही. परंतु बहुसंख्य वेळा हे जंतू रोग्याच्या स्वतःच्याच तोंडातून फुप्फुसात उतरतात.

निरोगी माणूसही झोपेत थोडीफार लाळ श्वासनलिकेत ओढतो. पण त्याचा खोकला सावध असतो, फुप्फुसाची संरक्षक यंत्रणा दक्ष असते आणि तोंडातले जंतूही तुलनेने सौम्य असतात. आजारी माणसात या तिन्ही गोष्टी बदलतात. वेदनाशामके आणि झोपेची औषधे खोकल्याची जाणीव मंदावतात. पोटाला किंवा छातीला टाके असतील, तर दुखेल या भीतीने रोगी खोकतच नाही. तोंडाला कोरड पडल्याने लाळेचे धुऊन नेण्याचे काम थांबते. शिवाय तोंडातली वस्तीच पालटते. १९६९ साली जोहान्सन, पिअर्स आणि सॅनफोर्ड या अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले, की निरोगी माणसांच्या घशात क्वचितच आढळणारे एका विशिष्ट वर्गाचे उपद्रवी जंतू गंभीर आजारी माणसांच्या घशात मात्र मोठ्या प्रमाणावर ठाण मांडून बसतात. ॲसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला, स्यूडोमोनास ही त्यांची नावे आज भारतातल्या कोणत्याही मोठ्या रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रोज उच्चारली जातात. यांपैकी अनेकांवर आपली जुनी आणि काही नवी प्रतिजैविकेही निष्प्रभ ठरू लागली आहेत.

आडवे निजलेल्या रोग्याची लाळ, अन्नाचा कण, पोटातून वर आलेला आंबट घोट, यांना श्वासनलिकेकडे जायला उतारच मिळतो. फुप्फुसाचा तळ उथळ श्वासामुळे नीट फुगत नाही. तेथे स्राव साचतो आणि जंतूंना आयते घर सापडते. आत्याबाईंना प्रेमाने भरविलेल्या त्या पेजेचा विचार मनात आला, की आजही आम्हाला अस्वस्थ वाटते.

निदान : दिसते तितके सोपे नाही

डॉक्टर हे निदान एका खुणेवरून करीत नाहीत. क्ष-किरण चित्रात पूर्वी नसलेली नवी छाया दिसणे ही पहिली अट. तिच्या जोडीला पुढील तिनांपैकी निदान दोन गोष्टी असाव्यात, असा सर्वसाधारण दंडक आहे : ३८ अंश सेल्सियसहून, म्हणजे सुमारे १००.४ अंश फॅरनहाइटहून अधिक ताप. रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या फार वाढलेली किंवा फार घटलेली. आणि पुवासारखा दाट, पिवळट-हिरवट बेडका. रक्तातील प्राणवायूचे प्रमाण घसरणे हीही महत्त्वाची खूण समजली जाते.

एवढे असूनही चूक होते. खाटेवर आडव्या पडलेल्या रोग्याचे फिरत्या यंत्रावर काढलेले क्ष-किरण चित्र बरेचदा अस्पष्ट येते. त्यातच छाया उमटविणारी कारणे अनेक असतात : हृदय थकल्यामुळे फुप्फुसात साचलेले पाणी, स्राव अडकून मिटलेला फुप्फुसाचा भाग, पायातून निघून फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर तर या गुठळीची शंका डॉक्टरांना घ्यावीच लागते. म्हणून 'छाया आहे, म्हणजे न्युमोनिया' असे समीकरण ते मांडीत नाहीत. दुसरी चाचणी मागितली, तर ती वेळकाढूपणाची आहे असे आपणही समजू नये.

बेडक्याची तपासणी ही या निदानातली मोलाची पायरी होय. सूक्ष्मदर्शकाखालचा प्राथमिक अहवाल त्याच दिवशी मिळू शकतो. जंतू वाढवून त्यांच्यावर कोणते औषध चालते हे पाहायला मात्र साधारणतः दोन ते तीन दिवस लागतात. हा नमुना शक्यतो नवे प्रतिजैविक सुरू करण्यापूर्वी घ्यावा लागतो, आणि येथे घरच्यांचा थेट उपयोग असतो. पुष्कळदा रोगी बाटलीत केवळ थुंकी टाकतो आणि अहवाल निरुपयोगी ठरतो. आधी साध्या पाण्याने चूळ भरून, दीर्घ श्वास घेऊन, छातीच्या तळातून खोकून काढलेला बेडकाच तपासणीला उपयोगी पडतो. सकाळची वेळ त्याला उत्तम. तथापि नमुन्यात जंतू सापडले म्हणजे आजार आहेच, असेही नव्हे. ते घशात नुसते वस्ती करून असू शकतात. म्हणून प्रयोगशाळेचा कागद आणि रोग्याची अवस्था या दोहोंचा मेळ डॉक्टरांनाच घालावा लागतो.

वृद्धांचा न्युमोनिया आणि मातृभाषा

ज्येष्ठांच्या बाबतीत तर ताप आणि खोकला ही नेहमीची दूतमंडळी पुष्कळदा येतच नाहीत. ताप नसतो, बेडका नसतो. असते ती केवळ सुस्ती, अन्नावरची वासना उडणे, किंवा एकाएकी आलेला बुद्धिभ्रम. काल नातवाला ओळखणारी आजी आज त्याला आपला भाऊ समजते, रात्री खाटेवरून उतरू पाहते, दिवसा डोळे उघडत नाही. हा बदल वयोमानाचा नसून शरीरात काहीतरी बिघडल्याचा इशारा असू शकतो, आणि त्या बिघाडांच्या यादीत न्युमोनियाचे नाव बरेच वर आहे.

आपल्यासारख्या महाराष्ट्राबाहेर वसलेल्या कुटुंबांनी येथे विशेष सावध असावयास हवे. बडोद्यात गुजराती, बेळगावात कन्नड, हैदराबादेत तेलुगू आणि इंदूर-ग्वाल्हेरीस हिंदी, या भाषा आपल्या वडीलधाऱ्यांनी आयुष्यभर बाजारात आणि कचेरीत सफाईने वापरलेल्या असतात. परंतु दुखण्यात, ग्लानीत, मध्यरात्री माणूस पुष्कळदा लहानपणच्या भाषेकडे परततो. आत्याबाई साठ वर्षे बडोद्यात राहिल्या. शेजारणींशी अस्खलित गुजराती बोलत. त्या पाचव्या दिवशी मात्र त्यांच्या तोंडून मराठीखेरीज शब्द निघेना. त्या कोणाला 'दिंडी दरवाजा लावून घे' असे सांगत होत्या. तो दरवाजा त्यांच्या माहेरच्या वाड्याचा होता आणि तो वाडा पडून कित्येक वर्षे झाली होती. हे परिचारिकेला कळणे शक्यच नव्हते. आम्हाला ते कळू शकले असते. पण आम्ही हसलो आणि 'आत्या माहेरी गेली' असे म्हणालो.

अशा वेळी डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगावे : 'यांचे बोलणे आमच्या भाषेत असले, तरी ते असंबद्ध आहे. कालपर्यंत असे नव्हते.' एवढ्या एका वाक्याने तपासणी एक दिवस आधी होऊ शकते. आणखी एक गोष्ट कुणालाही करता येते. रोगी शांत पडलेला असताना घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट त्याचे श्वास मोजावेत. प्रौढ माणसाचे विश्रांतीतले श्वास सामान्यतः मिनिटाला बारा ते वीस असतात. ते वाढून पंचवीसच्या घरात गेले, तर बोटाला लावायच्या यंत्रातला आकडा काय आहे, हे परिचारिकेला पाहावयास सांगावे.

औषधयोजनेविषयी

निदानाची दाट शंका आली, की डॉक्टर जंतूंचा अहवाल येण्याची वाट न पाहता प्रतिजैविके सुरू करतात. कारण उशीर जिवावर बेतू शकतो. त्या रुग्णालयात कोणते जंतू वारंवार आढळतात, यावर पहिली निवड अवलंबून असते. अहवाल हाती आला, की औषध बदलले किंवा कमी केले जाते. २०१६ साली अमेरिकेतील दोन मान्यवर वैद्यकीय संस्थांनी मिळून दिलेल्या मार्गदर्शनानुसार बहुतेक रोग्यांना सात दिवसांची औषधयोजना पुरेशी मानली आहे. 'आणखी भारी औषध द्या, आणखी आठवडाभर द्या' असा आग्रह नातेवाइकांनी धरू नये. तशा वापरानेच जंतू चिवट होतात आणि पुढच्या खाटेवरच्या रोग्यासाठी औषध उरत नाही.

अटकाव : आपल्या हातातले उपाय

उशाची बाजू उंच असावी. खाटेचे डोके ३० ते ४५ अंश वर ठेवणे हा बिनखर्चाचा उपाय आहे. बार्सिलोना येथे व्हेंटिलेटरवरील ८६ रोग्यांवर केलेला एक अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सपाट निजविलेल्यांपैकी ३४ टक्के रोग्यांत न्युमोनियाची शंका आली, तर उंच उशावर ठेवलेल्यांत केवळ ८ टक्क्यांत. कण्याची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा रक्तदाब फार खाली गेला असेल, तर डॉक्टरांना विचारूनच उशी उंचावावी. भरविताना मात्र रोग्याला शक्य तितके ताठ बसवावे, आणि जेवण झाल्यावर निदान अर्धा तास तसेच बसू द्यावे. पेंगुळलेल्या माणसाच्या तोंडात घास कधीही घालू नये.

तोंड स्वच्छ असावे. हा उपाय सर्वांत साधा आणि सर्वांत उपेक्षित. जपानमधील ११ वृद्धाश्रमांत दोन वर्षे केलेल्या निरीक्षणात, ज्यांच्या तोंडाची नियमित स्वच्छता केली त्यांपैकी ११ टक्क्यांना न्युमोनिया झाला. ज्यांची तशी केली नाही त्यांपैकी १९ टक्क्यांना. रुग्णालयातल्या रोग्यांवरील निरनिराळे अभ्यास एकत्र तपासून २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका विवेचनातही दात घासण्याचा लाभ दिसून आला, आणि तो व्हेंटिलेटरवरील रोग्यांत विशेष स्पष्ट होता. जंतुनाशक क्लोरहेक्सिडिनने तोंड धुण्याची पद्धत पूर्वी सर्रास होती. २०२२ साली अमेरिकी तज्ज्ञ-संस्थांनी व्हेंटिलेटरवरील रोग्यांसाठी तिची शिफारस करण्याचे सोडले आणि साध्या ब्रशवर भर दिला. तेव्हा दिवसातून निदान दोनदा मऊ ब्रशने दात, हिरड्या आणि जीभ हलक्या हाताने घासावी. दात नसले, तरी हिरड्या आणि जीभ पुसावीच. कवळी रात्री काढून, घासून, झाकणाच्या डबीत ठेवावी. रोग्याला चूळ भरता येत नसेल किंवा तो शुद्धीवर नसेल, तर पाणी घशात जाऊ नये म्हणून हे काम परिचारिकेच्या देखरेखीखालीच करावे.

गिळण्याची परीक्षा व्हावी. अर्धांगाच्या झटक्यानंतर कित्येकांना पाणी नीट गिळता येत नाही आणि ते त्यांना स्वतःलाही कळत नाही. म्हणून गिळण्याची तपासणी होईपर्यंत तीर्थाचा थेंबदेखील तोंडात घालू नये. घोट घेतल्यावर ठसका लागणे किंवा आवाज ओलसर, घोगरा होणे ही धोक्याची खूण समजावी.

श्वास, खोकला आणि हालचाल. शस्त्रक्रियेनंतर पुष्कळांना तीन रंगीत गोळ्यांचे छोटे यंत्र देतात. लोक त्यात फुंकर मारतात, आणि तेथेच चूक होते. हवा संथपणे आत ओढून गोळ्या वर न्यावयाच्या असतात. नुसत्या यंत्राने भागत नाही. टाक्यांवर उशी दाबून धरून खोकणे, दीर्घ श्वास घेणे, आणि डॉक्टरांनी परवानगी देताच खुर्चीत बसणे, चार पावले चालणे, हे सर्व मिळून फळ देते. 'पडून राहा, विश्रांती घ्या' हा आपला लाडका उपदेश येथे अपाय करतो.

हात धुवावेत. १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइस यांनी प्रसूतिगृहात हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू झपाट्याने घटले. जिनेव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयात १९९४ ते १९९७ या काळात कर्मचाऱ्यांच्या हातांच्या स्वच्छतेचे प्रमाण ४८ वरून ६६ टक्क्यांवर गेले आणि त्याच सुमारास रुग्णालयजन्य संसर्ग १६.९ टक्क्यांवरून ९.९ वर आला. खोलीत शिरताना आणि निघताना भेटीला येणाऱ्यांनीही हात स्वच्छ करावेत. ज्याला सर्दी-खोकला आहे, त्याने भेटीस न येणे हीच खरी आपुलकी. आपल्या मंडळींचा गोतावळा मोठा, आणि भेटीला न जाणे म्हणजे कर्तव्यात चुकणे असे आपण मानतो. तरीही एका वेळी दोघांहून अधिक जण उशाशी नसावेत.

औषधांबाबत विचारावे. झोपेच्या गोळ्या गरजेपुरत्याच असाव्यात. आम्लपित्तावरची काही औषधे घेणाऱ्या रोग्यांत रुग्णालयजन्य न्युमोनियाची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी अधिक आढळल्याचे २००९ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात दिसले. काहींना ही औषधे अत्यावश्यक असतात; ती आपल्या मनाने बंद करू नयेत. 'हे अजून लागते का?' एवढे विचारण्याचा हक्क मात्र प्रत्येकाला आहे. शस्त्रक्रिया ठरलेली असेल, तर धूम्रपान शक्य तितके आधी सोडावे आणि दातांची दुखणी आधीच निस्तरून घ्यावीत.

रोगी व्हेंटिलेटरवर असेल, तर गुंगीचे औषध रोज कमी करून पाहतात का आणि नळी काढता येईल का याची चाचणी होते का, हे नम्रपणे विचारावे. नळी जितकी लवकर निघेल, तितका धोका कमी.

शेवटी

आत्याबाईंनंतर दोन वर्षांनी आमच्या धाकट्या काकांना अर्धांगाचा झटका आला. रुग्णालय वेगळे होते, पण माणसे आम्हीच होतो. या खेपेस गिळण्याची तपासणी होईपर्यंत कुणी काही भरविले नाही. खाटेचे डोके उंच ठेवले. सकाळ-संध्याकाळ काकू परिचारिकेला विचारून त्यांचे दात घाशीत, आणि आम्ही एका वहीत श्वासांची संख्या आणि बोलण्यातला फरक टिपून ठेवीत असू. डॉक्टर फेरीला आले, की प्रथम ती वही मागत. काका अठराव्या दिवशी काठी टेकत घरी आले. ते या उपायांमुळेच सुखरूप राहिले, असे म्हणण्याचा अधिकार आम्हाला नाही. पुष्कळ काळजी घेऊनही हा आजार होतो, आणि काळजी न घेताही कित्येक जण वाचतात. परंतु आत्याबाईंच्या वेळी जे आमच्या हाती होते आणि आम्ही केले नाही, ते या वेळी केले, एवढे समाधान लाभले.

रुग्णालयात जाण्याची पिशवी भरताना आपण धोतर-लुगडे, चादर, थर्मास, देवाचा अंगारा हे सर्व आठवणीने घेतो. वाचकांना आमची विनंती एवढीच, की त्या पिशवीत एक मऊ ब्रश, कवळीची झाकणाची डबी आणि एक लहान वही-पेन्सिल अवश्य घालावी.